वन्सं, गिअरबॉक्स बदलला

ती. थोरल्या वन्संना,

धाकट्या भावजयीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. प्रत्यक्षात घातला तर परत उभं करायला कुणीतरी लागेल आणि घरात मी एकटीच असते.) तुमची तब्येत कशी आहे? नव्या कवळीशी तुमचं जमलं, की अजून जेवताना काढून ठेवता आणि जेवण झालं की घालता? कानाच्या यंत्राचं काय झालं? मागच्या खेपेला फोनवर मी "गुडघा, गुडघा" असं दोनदा ओरडले आणि तुम्ही म्हणालात, "उघडा असेल तर लावून घे." त्याच दिवशी मी ठरवलं की यापुढे महत्त्वाचं काही असलं तर पत्रच लिहायचं. गच्चीतल्या कुंड्या जोरात असतील. वरच्या मजल्यावरचा तो बासरी शिकणारा भाडेकरू अजून शिकतोच आहे का? (ऐकू कमी येण्याचा तेवढा तरी फायदा तुम्हाला मिळत असेल, अशी आशा आहे.) माझी प्रकृती ठीक. झोप लागते, भूक लागते, आणि दोन्ही चुकीच्या वेळेला लागतात.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही बसून वाचताय ना? नसाल तर बसा. गाडीचा गिअरबॉक्स मी बदलला. दुरुस्त केला असं म्हणत नाही मी, बदललाच. जुना काढला आणि त्या जागी दुसऱ्या जातीचा बसवला, ऑटोमॅटिक. आता आपल्या गाडीला क्लच नाही. गिअर तिचे तीच टाकते. ही बातमी तुमच्या भाचीकडून तुमच्यापर्यंत पोचण्याआधी माझ्याकडून पोचावी म्हणून हा सगळा खटाटोप. कारण मला आठवतंय, हे गेले तेव्हा तुम्ही राहायला आला होतात, आणि परत निघताना गॅरेजच्या दारात थांबून गाडीवरचं कापड सारखं करत मला म्हणाला होतात, "बाळची गाडी आहे तशी राहू दे." एवढंच. मी मान हलवली होती, आणि मनापासून हलवली होती.

त्या हलवलेल्या मानेला मी बरीच जागले, वन्सं. गाडी आहे तशी ठेवली. दर रविवारी कापड काढायचं, बाटलीच्या रंगाचा तो हिरवा पत्रा पुसायचा, चाकांत हवा आहे का ते पायाने ठोकून बघायचं (ठोकून काय कळतं ते मला माहीत नाही, पण हे ठोकायचे) आणि मग दार उघडून आत बसायचं. दोन सीटांची, कापडी छताची आपली गाडी किती ठेंगणी आहे ते तुम्ही जाणता. तिच्यात बसायचं म्हणजे बाथटबमध्ये उतरण्यासारखं. आधी एक पाय, मग देवाचं नाव, मग उरलेलं सगळं. तर मी बसायची ती डावीकडे. माझ्या जागेवर. एका रविवारी तुमची भाची अचानक आली आणि तिने मला तशी बघितली. बंद गॅरेजमध्ये, पर्स मांडीवर घेऊन.

"आई, कुठे निघालीस?"

"कुठेच नाही."

"मग बसलीस कशाला?"

मी म्हटलं, "जरा बसून येते." दुसऱ्याच दिवशी तिने मला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घातलं. (मुलं अशीच. आपण रडलो की ती आपल्याला काहीतरी शिकायला पाठवतात.)

आता इथे थोडं मागं जावं लागेल. आम्ही दोघं मिळून गाडी चालवायचो, ते तुम्ही पाहिलं आहे. एकदा मागच्या सामानाच्या फळीवर अंग चोरून बसून तुम्ही आमच्याबरोबर आलाही होतात, आणि उतरल्यावर पाठ चोळत म्हणाला होतात की तुम्हा दोघांचा मिळून एक ड्रायव्हर होतो, तोही बेताचाच. पण हे सुरू कसं झालं ते बहुधा तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. लग्न नवं होतं, चष्म्यांचं दुकान नवं होतं, आणि गाडीही नुकतीच, जुनी का होईना, दारात आली होती. दुकानावर टांगलेला तो भला मोठा पत्र्याचा चष्मा पुसायला तुमचे बंधू शिडीवर चढले आणि डाव्या खांद्यावर पडले. आमच्याच इस्पितळात आणलं. एक्स-रे मीच काढला. "श्वास रोखा" हे वाक्य मी जन्मभर हजारो लोकांना म्हटलं असेन, पण त्या दिवशी स्वतःच इतका रोखला की फिल्म धुऊन येईपर्यंत सोडायचं लक्षात राहिलं नाही. हाताला प्लास्टर, गळ्यात झोळी. आणि घरी आल्याबरोबर साहेब म्हणतात, चल, एक चक्कर मारून येऊ. मी म्हटलं, हात कुठे आहे तुम्हाला? तर म्हणाले, "पाय दोन्ही शाबूत, उजवा हात शाबूत. डाव्याचं काम तू कर."

अशी सुरुवात झाली. हे क्लच दाबायचे आणि आकडा म्हणायचे, "दोन," "तीन," आणि मी डावीकडच्या सीटवरून उजव्या हाताने गिअर टाकायची. प्लास्टर निघेपर्यंत आकडे म्हणायची गरज संपली होती. हे एक्सलरेटरवरचा पाय उचलत, गाडीचा आवाज जरासा खाली येई, आणि माझा हात आपोआप दांडीवर जाई. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, तरी तो हात हे स्टिअरिंगवरच ठेवत राहिले. मीही कधी म्हटलं नाही की आता तुमचं तुम्ही टाका. लोकांची लग्नं कशावर टिकतात कोण जाणे, आमचं गिअरवर टिकलं. भांडण झालं की मी हात मांडीवर ठेवायची. एकदा पडद्यांच्या रंगावरून इतकं पेटलं की बाजारापासून पुलापर्यंत आम्ही पहिल्या गिअरमध्ये आलो. इंजिन किंचाळतंय, लोक गॅलऱ्यांत येऊन बघताहेत, हे दर थोड्या वेळाने क्लच दाबून सभ्यपणे वाट बघताहेत आणि मी बाहेर. म्हणजे बाहेर बघत. पुलावर मी दुसरा टाकला. तिसरा पडला तेव्हा भांडण मिटलं होतं आणि चौथ्यात आम्ही आइस्क्रीम कुठे खायचं ते ठरवत होतो. (पडदे शेवटी त्यांच्याच पसंतीचे आले. अजून आहेत. अजून वाईट दिसतात.)

तर अशा बाईला तुमच्या भाचीने ड्रायव्हिंग शिकायला पाठवलं. शाळेच्या गाडीवर मी पास झाले (गिअर शेजारी बसलेले मास्तरच टाकून द्यायचे), लायसन्सही मिळालं, फोटोत मी पळून गेलेल्या कैद्यासारखी दिसते. पण आपल्या गाडीत पहिल्यांदाच उजवीकडे बसले आणि माझ्या लक्षात आलं की आपल्याला गिअर येतात ते उजव्या हाताला. डाव्या हाताने जन्मात गिअर टाकलेला नाही. त्याला बिचाऱ्याला काही ठाऊकच नाही. तो दांडीवर जाऊन नुसता बसायचा, नव्या नोकरीवर आलेल्या कारकुनासारखा. मग उजवा हात स्टिअरिंग सोडून पोटावरून आडवा मदतीला यायचा, आणि त्या वेळात गाडी आपल्याला हवं तिकडे जायची. न्यायाधीशसाहेबांच्या (आमच्या समोरचे निवृत्त) कुंपणाची तार आम्ही अशीच दोन ठिकाणी वाकवली. त्यांनी निकाल राखून ठेवला आहे.

हातापेक्षा पाय वाईट. चढावर, बेकरीपाशी, मी क्लच दाबला आणि थांबले. दाबूनच ठेवला. गाडी हळूहळू मागे सरकायला लागली तसा ब्रेकही दाबला. मागे पावाची गाडी होती, तिने हॉर्न वाजवून वाजवून रस्ता डोक्यावर घेतला. शेवटी ड्रायव्हर उतरून खिडकीशी आला आणि म्हणाला, "बाई, अडलंय काय? गाडी बंद पडली?"

"नाही."

"मग?"

"थांबलेय," मी म्हटलं.

"कुणासाठी?"

वन्सं, त्याचा आवाज चढलेला होता, पण तो काही वाईट हेतूने विचारत नव्हता. क्लच दाबून मी गिअर पडायची वाट बघत होते. हातातली पावांची पिशवी खिडकीतून आत ठेवून त्याने मला हँडब्रेक ओढून दिला आणि मागच्या सगळ्यांना हात करून थांबवलं. पाव घरी आल्यावर खाल्ले. चांगले होते.

त्यानंतर मी घरात जाहीर केलं की डावा गुडघा क्लच दाबू देत नाही, आणि गाडीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायचा आहे. तुमची भाची म्हणाली, त्यापेक्षा विकून टाक. घेणारा तयारच होता. तुम्ही पाहिलाय त्याला; हे गेल्यापासून जो गृहस्थ दर महिन्याला समाचाराला येतो, माझ्याकडे बघून "काळजी घ्या" म्हणतो आणि गॅरेजकडे बघून उसासा सोडतो, तो. त्याच्याकडे जुन्या गाड्यांचा तांडा आहे. त्याला सगळं मूळ लागतं. मूळ रंग, मूळ काच, मूळ स्क्रू. आम्ही त्याचं नाव मूळपुरुष ठेवलं आहे. मूळपुरुषाला माझा बेत कळला तेव्हा त्याने कप खाली ठेवला आणि इतक्या हळू आवाजात "असं करू नका हो" म्हटलं की क्षणभर मला वाटलं, मी आजी-आजोबांना कुठेतरी सोडून येणार आहे.

पण खरी लढाई झाली ती वर्कशॉपात. आपल्या गाडीचा मेकॅनिक म्हणजे 'सावकाश'. (खरं नाव त्याच्या आईलाही आठवत नसेल. केव्हा होईल विचारलं की "सावकाश होईल", किती बिघडलंय विचारलं की "सावकाश बघू".) माणूस नखरेल. केसांना कलप, खिशात कंगवा, आणि दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक गाडीच्या आरशात एकदा स्वतःला बघून घेतल्याशिवाय तो बॉनेट उघडत नाही. माझं म्हणणं ऐकून त्याने कंगवा काढला, केसांपर्यंत नेला, आणि न फिरवताच परत ठेवला. म्हणाला, "वहिनी, स्पोर्ट्स कार आहे ती. उद्या म्हणाल, सिंहाला चालायला काठी द्या."

मी म्हटलं, "सिंह म्हातारा झाला असेल तर द्यायला नको?" आणि एक्स-रेची फिल्म त्याच्या खिडकीच्या काचेवर धरली.

"हे काय?"

"गुडघा. डावा. क्लचचा."

त्याने फिल्म बराच वेळ निरखली. मग विचारलं, "हा पार्ट बदलून नाही का मिळत?"

"मिळतो. डॉक्टर म्हणालेत, सावकाश होईल."

तेव्हा कुठे तो हसला, आणि काम घेतलं. त्याच कंपनीची, त्याच इंजिनाची, पण स्वभावाने अगदी वेगळी अशी एक गाडी त्याने भंगारात शोधून काढली. चार दारांची, बिस्किटी रंगाची, भूमिती शिकवणाऱ्या कुणा मास्तरांची. तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शाबूत होता. तो कसा चालतो हे मी विचारलं, तर सावकाश म्हणाला, "आत तेल फिरतं. केव्हा बदलायचं ते तेलाला कळतं." मी पुढे काही विचारलं नाही. माझ्याही घरात बऱ्याच गोष्टी अशाच चालतात.

जुना बॉक्स काढला तेव्हा मी समोर उभी होते. गाडी वर उचललेली, खालून सावकाशचे नुसते बूट दिसताहेत, आणि मग तो लोखंडाचा गोळा खाली आला. बाकावर ठेवला. त्याच्यातून तेल ठिबकत होतं. मला वाटलं होतं केवढा असेल; तर आपल्या बाजाराच्या पिशवीत मावेल एवढा. आमच्या दोघांच्या मध्ये सगळी वर्षं एवढंसंच काहीतरी होतं. (एक्स-रेमध्येही असंच होतं. एवढा मोठा माणूस, आणि फिल्मवर बघावं तर मुठीएवढी सावली.)

नवा बॉक्स आला आणि बसेना. पोट सुटलेला होता तो. दोन सीटांच्या मधून जमिनीचा जो उंचवटा जातो, त्याला हे लोक बोगदा म्हणतात. त्या बोगद्यात त्याचं पोट मावेना. बोगदा कापून रुंद करायचा ठरला. गालिचा उचकटला तर खाली काय सापडावं? ह्यांचा तो चष्म्याच्या स्क्रूंचा इवलासा पेचकस. आठवतो? त्याच्यापायी त्यांनी घरातल्या प्रत्येकावर संशय घेतला होता, दुकानातल्या माणसावर, माझ्यावर, तुमच्यावरसुद्धा. (तुम्ही सुट्टीला येऊन गेलात आणि पेचकस गायब झाला, हा त्यांचा मुख्य पुरावा होता.) "सापडला!" असं मी इतक्या जोरात ओरडले की सावकाशचं डोकं गाडीला आपटलं. आणि ओरडून मी वळले ती सांगायला. वर्कशॉपात एक पंखा तेवढा फिरत होता.

पण पुढचं ऐका. बोगदा रुंद करायचा तर डावीकडची सीट अडत होती. सावकाश म्हणाला, डावी सीट काढून टाकू. मी म्हटलं, काढून टाकू म्हणजे? तो टेप गुंडाळत, मान वर न करता म्हणाला, "तशीही रिकामीच जाणार ना."

मी पर्स उचलली, काम थांबवा म्हटलं आणि चालत घरी आले. गाडी तिथेच, पोट उघडं टाकून, पडून राहिली. तुमच्या भाचीचा फोन. "आई, एका सीटवरून?" मी म्हटलं, दोन सीटांच्या गाडीत एक सीट म्हणजे थोडीथोडकी नाही. मूळपुरुषाचा फोन, आहे त्या अवस्थेतही घ्यायला तो तयार होता. असे बरेच दिवस गेले. गॅरेज रिकामं, रविवारी पुसायला काही नाही, म्हणून मी त्या पडद्यांना इस्त्री केली, यावरून माझी अवस्था तुम्ही ओळखा.

आणि मग एका संध्याकाळी सावकाश घरी आला. वर्कशॉप सोडून तो कुणाकडे जात नाही. आरशासमोरून गेला, पण आरशात बघितलं नाही. चहा घेतला. म्हणाला, "क्लच जाणार म्हणजे तुमच्या डाव्या पायाची जागा मोकळी होणार. बोगदा तिकडे सरकवतो. तुमची सीट दाराला चिकटेल. कोपर ठेवायला जागा राहणार नाही."

"कोपराचं मी बघते. डावीकडची?"

"ती जिथे आहे तिथे. सूतभरही हलणार नाही." मग कप उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला (हेही तो कुणाकडे करत नसणार) आणि दारात म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी माझ्या तोंडून जे गेलं, तो रिव्हर्स पडला असं समजा."

काम झालं. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा कापून आखूड करावा लागला, तो लेथवाल्याने आधी नको तितका आखूड केला, मग त्याच्यात आणि सावकाशमध्ये जे संभाषण झालं ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही. स्पीडोमीटरचं गणित चुकलं; गाडी रमतगमत चालली तरी काटा उड्डाण करायच्या बेतात असतो. तो मी तसाच ठेवलाय. या वयात कुणी आपल्याबद्दल इतकं चांगलं बोलत असेल तर दुरुस्त कशाला करा?

पहिली चक्कर मारायला सावकाश शेजारी बसला. मी दांडी 'डी'वर ओढली आणि गाडी निघाली. थोडं पुढे गेल्यावर सवयीने माझा डावा पाय क्लच दाबायला गेला. क्लच नव्हता, ब्रेक होता. सावकाशचं कपाळ समोर आपटलं, आणि "सावकाश!" असं तो ओरडला. आपल्याच नावाने इतक्या घाईने हाक मारणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मग मी डावा पाय सीटखाली दुमडून घेतला आणि पुन्हा निघाले. बेकरीचा चढ आला. गाडी चढायला लागली, इंजिनाचा आवाज चढला, चढला, आणि मग एकदम जरासा खाली आला. वन्सं, तोच. ह्यांचा पाय उचलला जायचा तेव्हाचाच. माझा उजवा हात स्टिअरिंगवरून उठला. उठून हवेत थांबला, आणि तेवढ्यात गिअर पडला. कुणीतरी टाकला. माझ्या तोंडून "तीन" गेलं. सावकाश बाहेर बघत होता. त्याने खिशातून कंगवा काढून बराच वेळ केस विंचरले.

बस, एवढंच झालं. तुमच्या भाचीला मी फिरवून आणलं, ती म्हणाली बरी चालवतेस. मूळपुरुष येऊन बघून गेला. "संपलं," म्हणाला आणि चहा न घेता निघाला. आता येणार नाही. (सुटका झाली असं म्हणायला हवं. पण महिन्याला एक माणूस येत होतं, तेही गेलं.) राहता राहिलात तुम्ही. तुम्ही म्हणाला होतात, आहे तशी राहू दे. मी पुष्कळ विचार केला, पण ती तशी ठेवणं माझ्या हातातच नव्हतं. तिचा निम्मा ड्रायव्हर गेला होता. उरलेला निम्मा डावीकडे पर्स घेऊन बसून होता, आणि बसून बसून त्याला कंटाळा आला, वन्सं. फार कंटाळा आला.

रागावला असाल तर स्पष्ट लिहा. तुमचं अक्षर मला लागत नाही, तेव्हा रागाचं काय असेल ते ठळक लिहा. कवळी वापरत जा. कुंड्यांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी

ता. क. – गुडघ्याची ती फिल्म माझीच, पण उजव्या गुडघ्याची. कोपऱ्यातलं अक्षर मी अंगठ्याखाली धरलं होतं. डावा गुडघा ठणठणीत आहे, क्लच मला नीट दाबता येतो. आणि आता लिहितेच आहे तर हेही लिहिते. पावाच्या गाडीनंतर मी चिकाटीने रोज दुपारी सराव करत होते, आणि एका दुपारी जमलं. पाय दाबला, डाव्या हाताने तिसरा टाकला, कर्र नाही, हिसका नाही, लोण्यातून सुरी जावी तसा. मी एकटीने. पुढे मैदानापाशी गाडी बाजूला घेतली आणि इतकी रडले की चणेवाला येऊन परत गेला. मला दोघांचंही काम यायला लागलं होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर डाव्या हाताला ते इतकं सवयीचं झालं असतं की दुसरं कुणी लागत होतं हेच विसरायला झालं असतं. म्हणून मग सावकाशकडे गेले. त्यापेक्षा तेलाला कळलेलं बरं. हे तुमच्या भाचीला सांगू नका. ती मला अजून काहीतरी शिकायला पाठवेल.

ता. ता. क. – वरचं सगळं काल लिहून पाकिटात घातलं आणि आज सकाळी पेटीत टाकायला म्हणून गाडी घेऊन निघाले. पेटी रस्त्याच्या डाव्या हाताला आणि मी उजवीकडे. मधे एक टँकर. पेटी गेली. पुढच्या पेटीत टाकू म्हटलं. पुढच्या पेटीपाशी एक हवालदार उभा होता, त्याच्यासमोर थांबायचं धैर्य झालं नाही. मग गाव संपलं. मग गाडीने चौथा टाकला. सध्या एका पेट्रोल पंपावर, हवा भरायच्या यंत्राशेजारच्या बाकावर बसून हे लिहिते आहे. पंपावरचा माणूस म्हणाला, तुमच्या गावाकडे जाणारा रस्ता हाच आणि निम्म्याहून जास्त तर मी आलेच आहे. स्पीडोमीटरवर विश्वास ठेवला तर मी कालच पोचले. तर वन्सं, मागणं असं आहे: थोडा वेळ माझ्या शेजारी बसाल का? कुठे जायचं ते ठरवलेलं नाही. हात लावायचं काही नाही, सगळं तिचं ती करते. फक्त आवाज जरासा खाली आला की माझा हात उठतो, तेव्हा काही विचारू नका. तुमचाही उठला तर मीही विचारणार नाही.

ता. ता. ता. क. – तुमच्या दारासमोर उभी आहे. बेलपर्यंत दोनदा आले आणि दोनदा परत गेले. समोर उभं राहून हे सगळं मला बोलता येणार नाही, म्हणून पाकीट दाराच्या फटीतून आत सरकवते आणि गाडीत जाऊन बसते. सावकाश वाचा. राग आला असेल तर रस्त्याकडच्या खिडकीचा पडदा ओढून घ्या, मी समजेन आणि जाईन. उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवा. राग नसेल तर खाली या. शाल घ्या, छत उघडं आहे. आणि डावीकडचं दार हल्ली बाहेरून उघडत नाही. मी ते आतून उघडून ठेवलं आहे.